साहेबांच्या गालावर ब्लेड

माझा भाऊ हार्ट अटॅकनं गेला नाही. त्याला ठेचून मारलं.

आज वर्ष झालं, तरी लोक 'अटॅक आला म्हणे' लिहितात. लाज वाटू द्या जरा.

नालवाडीत आमचं फ्लेक्सचं दुकान. डिझाइन मी करायची, प्रिंट काढून स्टेजवर चढवायचा गजूदादा. तोंडानं फटकळ, डोक्यानं गरम. गिऱ्हाईक शिव्या खाऊनही परत त्याच्याकडेच यायचं.

केळझरकडे एका मैदानात साहेबांचा सत्कार होता. तीस फुटी बॅकड्रॉप, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता साहेबांचा चेहरा.

वारा सुटला. लोखंडी फ्रेम करकरायला लागली. मागे बाया उकळत्या तेलात पुऱ्या तळत होत्या.

वारा आरपार जावा म्हणून मोठ्या फ्लेक्सला अर्धगोल काप देतात. इथे मोकळी जागाच नव्हती. दादा शिडीवर चढला आणि साहेबांच्या गालांवर ब्लेड चालवलं.

साहेबांचे चौघं कार्यकर्ते धावत आले.

"साहेबाचं तोंड फाडून राह्यला बे?"

"मंग काय बायाइले तेलात पाडू? तुह्या साहेबाले सांगजो, गाल उद्या शिवून देतो!"

त्यांनी शिडी ओढली.

खाली पडलेल्या माणसाला लोखंडी अँगलनं मारलं. डोक्यात. पुन्हा डोक्यात. मी एकाच्या हाताचा लचका तोडला. दुसऱ्यानं मला केसाला धरून फरफटत नेलं.

रक्तावर मॅटिंग टाकलं. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला.

फ्लेक्स पडला नाही. एकाही बाईला खरचटलं नाही.

दादा दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

पोलीस रिपोर्टमध्ये मारणाऱ्यांच्या जागी आलं, 'अनोळखी इसम'. मी चेहरे सांगत राहिले. ठाण्यात एकच उत्तर, "नावं आणा ना ताई. नुसत्या चेहऱ्यावर कोणाले पकडू?"

वर्षभर वणवण केली. मैदानात हजार माणसं होती, पण नाव घ्यायला कोणी तयार नाही.

आज सकाळी चौकात नवा फ्लेक्स लागलाय. निवडणूक आलीय ना.

'आमचे लाडके गजूभाऊ यांना प्रथम स्मृतिदिनी अभिवादन.' दादाचा फोटो कोपऱ्यात. त्याच्यापेक्षा मोठे, हात जोडलेले, शोकाकुल चौघं.

तेच चौघं. प्रत्येकाखाली नाव, गाव, पद.

आई म्हणाली, "फाडून टाक थे, पोरी."

"नाई आई. त्याले कोणी हातबी लावाचा नाई."

फोटो काढला, मोठी प्रिंट मारली आणि ठाणेदाराच्या टेबलावर अंथरली.

"घ्या. नावासकट आणले."

ठाण्याच्या बाकावरूनच लिहितेय. गुन्ह्यात नावं चढल्याशिवाय उठणार नाही.

दादा, तुझ्या आत्म्याला शांती लाभो असं मी आज म्हणणार नाही.

आधी ते चौघं आत जाऊ देत.