दादारावांचं टोकियो

टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातल्या मराठी माणसानं टोकियोचं तिकीट काढलं की पहिला फोन ऑफिसात रजेसाठी आणि दुसरा दादाराव गजभियांना, अशी रीतच पडली होती. दादाराव मूळचे नागपूरचे. चिपच्या कारखान्यांत यंत्रं बसवून देणारे इंजिनिअर, आता निवृत्त. नोकरीत असताना कितीतरी वेळा टोकियोला जाऊन आलेले. निवृत्तीनंतर कुणी बागकाम करतं, कुणी नातवंडं सांभाळतं. दादाराव टोकियो सांगत.

सांगत म्हणजे नुसतं सांगत नसत, करून घेत. ज्या गावात दूध संपलं तरी गाडी काढावी लागते आणि रेल्वे औषधालाही सापडत नाही, तिथल्या दादारावांच्या दिवाणखान्यात जमिनीवर एक पिवळी पट्टी चिकटवलेली होती. ती प्लॅटफॉर्मची रेघ. पाहुण्यांनी तिच्यामागे रांगेत उभं राहायचं, सोफ्यावरचे उतरेपर्यंत थांबायचं, पाठीवरची सॅक पुढे घ्यायची, मग बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. "गाडीत फोनवर बोलायचं नाही. एस्कलेटरवर डावीकडे उभं राहायचं. ओसाकाला उजवीकडे, पण ते नंतर." तिथे रस्त्यावर कचऱ्याचा डबा सहसा दिसत नाही, म्हणून सवय लागावी या सद्हेतूनं चहाबरोबरच्या बिस्किटांचे कागदसुद्धा पाहुण्यांना आपापल्या घरी न्यावे लागत. राजेश नावाच्या एका डॉक्टरनं तर जपानात टिप देत नाहीत याची तालीम इथल्याच एका रेस्टॉरंटात केली. तिथला वेटर त्याच्या मागे पार्किंगपर्यंत आला होता.

हे सगळं गिरजाबाई स्वयंपाकघरातून ऐकत. येणाऱ्याला तर्री-पोहे आणि चहा देणं हे त्यांच्याकडे. त्यांची स्वतःची इच्छा एवढीच होती की टोकियोहून तासाभराच्या अंतरावर कामाकुराला बुद्धाची जी भलीमोठी मूर्ती आहे, तिच्यासमोर एकदा उभं राहून वंदना म्हणायची. दरवर्षी त्या विषय काढत आणि दरवर्षी दादाराव ऋतू काढत. वसंतात गर्दी. जूनमध्ये पाऊस. ऑगस्टात उकाडा. सप्टेंबरात वादळं.

"मग नोव्हेंबर?"

"नोव्हेंबरात पानं बघायला अख्खं जग तिथं लोटतं, गिरजा."

खरी गोष्ट वेगळीच होती. दादाराव टोकियोला गेले की कंपनीची गाडी त्यांना विमानतळावरून उचलायची, हॉटेलवर टाकायची, रोज कारखान्यात न्यायची आणि शेवटी विमानतळावर परत सोडायची. टोकियोच्या ट्रेनमध्ये त्यांनी जन्मात पाऊल ठेवलेलं नव्हतं. सगळी विद्या यूट्यूबवरची. सुरुवातीला कुणीतरी धरून चाललं की काकांनी तिथं सगळीकडे फिरून घेतलंय, दादारावांनी ते खोडून काढलं नाही, आणि मग माघार घ्यायला जागाच राहिली नाही. दोनशेच्या वर दरवाजे असलेलं शिंजुकू स्टेशन, शेजारी विश्वासानं उभी असलेली गिरजा, आणि आपण चुकीच्या दारातून बाहेर, या विचारानंच त्यांना घाम फुटायचा. जगासमोर नाक कापलं जाणं वेगळं आणि बायकोसमोर वेगळं.

एका शनिवारी मोनाली आणि अंकुर हे नवीन जोडपं टोकियोहून परत आलं ते थेट मोची या जपानी तांदळाच्या मिठाईचा डबा घेऊन दादारावांकडे.

"जय भीम काका! सॉलिड ट्रिप झाली," मोनाली म्हणाली. "फक्त शिंजुकूला एक्झिट चुकलो यार. तासभर आतल्या आत राउंड मारत होतो."

"कुठला एक्झिट धरलात?" दादारावांनी गंभीरपणे विचारलं.

"तुम्ही सांगितलेला."

"मग बांधकाम काढलं असेल त्यांनी," दादाराव म्हणाले.

तेवढ्यात गिरजाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि नवऱ्याला वळसा घालून मोनालीजवळ जाऊन बसल्या. "मोनाली, कामाकुराची गाडी टोकियो स्टेशनवरून मिळते ना गं?"

"अगं, मला विचार की! मी इथंच बसलोय."

"तुम्हाला विचारलं की ऋतू चुकतो."

अंकुरला अचानक पोह्यांतल्या शेंगदाण्यांत फार रस वाटू लागला.

"काकू, तुम्ही जाताय?" मोनालीनं विचारलं.

"नोव्हेंबरात. रोशनीनं तिकिटं बुक करून दिली. एक माझं, एक ह्यांचं." रोशनी म्हणजे त्यांची मुलगी, शिकागोला असते. "हे नाही आले तर मी एकटी जाईन," असं म्हणून गिरजाबाई चहा टाकायला आत गेल्या.

दादाराव साखर द्यायच्या निमित्तानं मागोमाग गेले. "एकटी? तुला ट्रेन कळणार आहे का?"

"तुम्हाला कळते?" गिरजाबाईंनी हळूच विचारलं. बाहेर ऐकू जाणार नाही इतकं हळू. "तिथून फोन करायचात तेव्हा दर वेळी म्हणायचात, कंपनीची गाडी आली, ठेवतो. मी विसरले होय?"

दादारावांनी साखरेचा डबा ओट्यावर ठेवला. ते म्हणाले, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"रोशनी गेल्यावर घर खायला उठायचं. तुमच्या टोकियोमुळं माणसं येत होती. आणि तुम्ही सांगता छान."

"तिथं चुकलो तर?"

"चुकू. कुणाला तरी विचारू. पण मला तिथं पोचायचंय हो. गुडघे चालताहेत तोवर पोचायचंय."

दादारावांनी उभ्या आयुष्यात कुणाला रस्ता विचारलेला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून त्यांना स्वतःचा मनस्वी राग आला. ते बाहेर आले, स्टूल ओढून मोनालीसमोर बसले.

"मोनाली, ते कामाकुराचं नीट सांग. हळू सांग. मी तिथल्या ट्रेनमध्ये कधी बसलेलो नाही."

मोनाली जोक समजून हसली. काका हसत नाहीत म्हटल्यावर ती थांबली. अंकुरनं बशी खाली ठेवली.

"ओके काका," ती जरा सावरून म्हणाली. "टोकियो स्टेशनला आधी खाली जायचं. खूप खाली."

"खूप म्हणजे किती?" दादारावांनी विचारलं, आणि चहा घेऊन आलेल्या गिरजाबाईंना बसायला आपलं स्टूल दिलं.