प्रतिसादक क्रमांक सात

आमच्या समाजशास्त्रात माणसाचं नाव काढून टाकलं की तो सुरक्षित झाला असं मानतात. दरवर्षी एम.ए.च्या पोरांना मी हेच शिकवते. नाव काढा, गाव काढा, वय थोडं मागंपुढं करा, हुद्दा बदला, क्रमांक द्या. पोरं निमूटपणे वहीत उतरवून घेतात. हे सांगताना माझी जीभ जराही अडखळत नाही, याचा मला अलीकडे राग यायला लागला आहे. माझ्या पहिल्याच संशोधनात हे सगळं मी अगदी नियमानं केलं होतं, फॉर्म भरून, सही घेऊन. आणि तरी माझ्या सख्ख्या बहिणीचा घात केला होता.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव पिंगळीच्या पुढं, आणि गावातल्याच एका खासगी संस्थेच्या शाळेत ती कनिष्ठ लिपिक. नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि आईजवळच राहिली. साखर वाढून वाढून आईचे डोळे गेले होते. दिवसातून तीन वेळा इन्सुलिन टोचावं लागायचं. त्यातलं दुपारचं अक्का मधल्या सुट्टीत घरी येऊन द्यायची, दोन घास आईला भरवायची, दोन उभ्यानं स्वतः खायची आणि परत पळायची. शाळा ते घर पाच मिनिटं, सुट्टी अर्ध्या तासाची. त्या अर्ध्या तासावर आमचं घर उभं होतं. मी परभणीत खोली करून शिकत होते, तेही त्याच्याच जोरावर.

त्या सुमारास संस्थेत बदलाचं वारं शिरलं. अध्यक्षांचा मुलगा पुण्याहून व्यवस्थापनाचं काहीतरी शिकून आला आणि सचिव झाला. त्यानं आल्या आल्या 'वर्तुळ सभा' सुरू केली. रोज सकाळी परिपाठाच्या आधी मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी सभागृहात जमिनीवर गोल बसायचं. साहेब म्हणायचं नाही, सर म्हणायचं नाही, दादा आणि ताई म्हणायचं. ज्याला जे वाटतं ते बोलायचं. वर्षभरानं त्याला वाटलं की याचा कुणीतरी शास्त्रीय अभ्यास करावा, म्हणजे बाकीच्या शाखांनाही ते लागू करता येईल. तो अभ्यास माझ्या मार्गदर्शक सरांकडे आला आणि सरांनी तो माझ्याकडे ढकलला. गाव माझंच होतं, त्यामुळे जाण्यायेण्याची कुरकुर मी करणार नव्हते.

माझी बहीण त्याच शाळेत आहे हे मी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं एवढंच आहे. सर उलट खूश झाले. म्हणाले, मग तर लोकांचा विश्वास मिळवायला तुला वेळच लागणार नाही.

महिनाभर मी प्रश्नावल्या घेऊन शाळेत बसले. प्रत्येक प्रश्नासमोर एक ते पाच आकडे होते, एक म्हणजे अजिबात समाधानी नाही आणि पाच म्हणजे पूर्ण समाधानी. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुण कापणारे मास्तर लोक, पण स्वतःवर वेळ आली की हात सरळ पाचावर. एका सरांनी तर प्रश्न न वाचताच खालपर्यंत पाच-पाच ठोकले आणि मग मला विचारलं, की शोभेसाठी मधे एखादा चार टाकू का. शिपाई अध्यक्षांच्या भावकीतला. तो खुर्ची ओढून माझ्यासमोर ऐसपैस बसला आणि हे कागद वर कुणाला दाखवणार, याची त्यानं माझीच चौकशी केली. मुलाखतींमध्येही तीच रड. सगळं चांगलं हाय, लय चांगलं हाय, गोल बसल्यानं आपुलकी वाढली. माझ्या दोन वह्या भरल्या आणि त्यांत काडीचाही अर्थ नव्हता. माझे मार्गदर्शक सर चिडले. माणसं बोलत नसतील तर तुझा उपयोग काय, असं म्हणाले.

अक्का मला टाळत होती. शाळेत विचारलं की कामं पडलीत म्हणायची, घरी विचारलं की उठून चुलीकडे जायची. शेवटी एका रविवारी दुपारी ती सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती आणि आई खाटेवर पडून आमचं ऐकत होती. मी सरांची बोलणी खाल्ल्याचं रडगाणं लावलं. अक्का ऐकत राहिली आणि डाळीतून मान वर न काढता बोलली.

"गोल बसतेत खरं. पण सतरंजी कोण अंथरतंय, ते इचार की कुणाला."

मग तिनं सांगितलं. शाळेच्या सामानाची नोंदवही तिच्याकडे, म्हणून भांडाराची किल्लीही तिच्याकडे. पहिल्या दिवशी सतरंजी तिनं काढून दिली. ती चांगली जाडजूड, स्नेहसंमेलनाला वापरायची. कुणी पुढं होईना म्हणून तिनंच अंथरली. दुसऱ्या दिवशी तिनं किल्ली शिपायाच्या हातात दिली. त्यानं सतरंजी आणून दारात टाकली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मग बाकीचेही उभे राहिले.

"कुणी म्हणलं न्हाई मला, की तू अंथर. नुस्ते बघायलेत माझ्याकडं. शिपाई बी बघायलाय, सर लोकं बी बघायलेत. मी खाली वाकले, तवा सगळ्यायला बरं वाटलं."

तेव्हापासून रोज तीच अंथरत होती. सभा संपल्यावर झटकून घडीही तीच घालत होती. त्या शाळेत आमच्या समाजाची ती एकटी. आम्ही बौद्ध. धर्मांतरानंतर आमच्या आजोबांनी गावकी सोडली होती, म्हणजे गावाची वाट्याला आलेली जुनी कामं करायला सरळ नकार दिला होता. त्यापायी त्यांनी बराच जाच सोसला. घरात ही गोष्ट आम्ही फार अभिमानानं सांगत आलो. मी तर तिच्यावर वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलं होतं.

"आज्यानं गावकी सोडली म्हणतो आपण," अक्का म्हणाली. "मी रोज सकाळी ती परत करायले. आन मग गोलात बसून सांगायले, की मला लय मोकळं वाटतंय."

मी आधी मोबाइल काढला आणि रेकॉर्ड करू का म्हणून विचारलं. बहिणीच्या पाठीवर हात ठेवावा हे मला सुचलं नाही. तिचा सुपातला हात थांबला. माझं नाव येणार न्हाई न्हवं, असं तिनं विचारलं. मी संमतीचा फॉर्म पुढं केला, त्यातली ओळ बोटानं दाखवली. ती लिपिक. तिनं फॉर्म वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, सही केली, सहीखाली तारीख घातली. तू हाईस म्हणून बोलायले, एवढं म्हणून तिनं सगळं परत पहिल्यापासून सांगितलं आणि प्रश्नावलीतही खरे आकडे दिले, बहुतेक एक नाहीतर दोन. आई खाटेवरून म्हणाली, राहू दे गं, कशाला लिहितीस असलं. मी आईला म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही.

अहवालात अक्का प्रतिसादक क्रमांक सात झाली. तिचं वय मी पाच वर्षांनी उतरवलं. लिपिक काढून कर्मचारी लिहिलं. बाई काढून व्यक्ती लिहिलं. बोली काढून शुद्ध भाषा घातली. गावकीचं वाक्य तर पूर्ण वगळलं, कारण त्यावरून जात कळली असती. मी इतकी सावध होते. फक्त सतरंजी तेवढी ठेवली.

सरांनी त्या सतरंजीच्या वाक्याखाली लाल रेघ मारली होती. म्हणाले, हा आपल्या अहवालाचा प्राण आहे, बाकीचं सगळं कुणीही लिहील. एकदा, फक्त एकदा, माझ्या मनात आलं की सतरंजीच्या जागी दुसरं काहीतरी टाकावं, फळा पुसणं किंवा घंटा देणं. तसं लिहूनही पाहिलं. पण वाक्यातला जीव जात होता, आणि तोवर ते वाक्य मला माझंच वाटायला लागलं होतं. परभणीत सतरंजी अंथरणारी व्यक्ती म्हटली तर कुणीही असू शकते. पंचवीस माणसांच्या शाळेत ती एकच असते. सर शहरातले होते, त्यांना हे लक्षात आलं नाही असं म्हणता येईल. मला ते म्हणता येत नाही.

ज्यांचा अभ्यास केला त्यांना निष्कर्ष सांगणं ही संशोधकाची नैतिक जबाबदारी असते, असं सरांचं म्हणणं. सचिवांनाही ते पसंत पडलं. एका शनिवारी शाळेच्या सभागृहात पडदा लावला. शनिवार असूनही त्या दिवशी शाळा दिवसभराची ठेवली होती. सगळे नेहमीसारखे गोल बसले. सकाळी येऊन सतरंजी अक्कानंच अंथरली होती. पडद्यावर काय येणार आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिला आधी सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून सांगितलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या पानावर ते वाक्य मोठ्या अक्षरात आलं. खाली लिहिलं होतं, प्रतिसादक क्रमांक सात. पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे अक्काकडे बघत होते. तिनं मला सांगितलं होतं अगदी तसंच, कुणी काही न बोलता नुसते बघत होते. अक्का माझ्याकडे बघेल म्हणून मी मान खाली घातली. पण ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मधली सुट्टी व्हायला आली होती आणि घरी आई वाट बघत होती.

सचिव हसले. मोकळ्या मनाचा माणूस. फार सुंदर निरीक्षण आहे, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की सोमवारपासून सतरंजी पाळीपाळीनं अंथरायची. टाळ्या पडल्या. अहवालात सरांनी एक परिच्छेद वाढवला, 'अभ्यासाचा तत्काळ परिणाम'. पाळीचा तक्ता आठवडाभर टिकला. शिपायाची पाळी आली त्या दिवशी त्याची कंबर धरली. पुढच्या आठवड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, त्याही गोल मांडलेल्या. त्या रोज कोण मांडतं हे मी विचारलं नाही.

मग अक्काची बदली झाली. पालमच्या पुढं संस्थेची एक शाखा होती, तिथं. आदेशात 'प्रशासकीय सोयीसाठी' असं लिहिलं होतं. तिला कुणी रागावलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही, निरोपाला नारळही दिला. सचिव मला भेटले तेव्हा म्हणाले, तुमच्या ताईंना नव्या वातावरणात जास्त मोकळं वाटेल. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. त्यांनी डूख धरून केलं असतं तर मला निदान त्यांना मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

अक्का उजाडायच्या आत घर सोडायला लागली. पिंगळीहून परभणी, परभणीहून गंगाखेडमार्गे एसटीनं पालम, तिथून पुढं मिळेल त्या जीपनं. परत येईपर्यंत दिवेलागण. दुपारचं इन्सुलिन शेजारच्या काकूंवर सोपवलं. त्या भल्या बाई, पण त्यांना त्यांचं घर होतं, आणि ज्या दिवशी आठवण राहायची त्याच दिवशी सुई टोचली जायची. मी गावी येऊन राहते असं मी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा प्रबंधाचं एक प्रकरण राहिलं होतं. दिवाळीच्या तोंडावर आईच्या पायाला खिळ्यानं जखम झाली. तिला दिसलं नाही आणि दुखलंही नाही. कळलं तोवर जखम चिघळली होती. परभणीच्या दवाखान्यात डाव्या पायाची दोन बोटं काढली.

वर्षभरानं सरांनी पाठपुरावा काढला. तेच प्रतिसादक, तीच प्रश्नावली, मधल्या काळात समाधान किती वाढलं ते बघायचं. क्रमांक सात वगळूया, त्यांची बदली झाली, असं मी म्हटलं. सर म्हणाले, बदली झाली तरी संस्था तीच आहे, आणि सातशिवाय तुलना कशी होईल. मी ठाम नाही म्हणू शकले असते. मला नोकरीसाठी त्यांचं पत्र हवं होतं.

रविवार बघून मी गेले. अक्का आईच्या पायाची पट्टी बदलत होती. हात धुऊन आली आणि माझ्यासमोर बसली. तोवर ती माझ्याशी एकदाही भांडली नव्हती. मी वर्षभर त्याची वाट बघत होते, कारण भांडणानंतर माफी मागता येते. त्या दिवशी मी माफीच मागायला आले होते, असं मी अजूनही स्वतःला सांगते. पण मी पिशवीतून प्रश्नावली काढली.

पहिला प्रश्न वाचला. अक्का म्हणाली, पाच. दुसरा वाचला. पाच. संस्थेत तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं का, असा सहावा प्रश्न होता. तिथंही पाच. पुढं सरांनी हे सगळे पाच एकत्र करून क्रमांक सातच्या समाधानात सर्वांत मोठी वाढ झाल्याचं छापलं, आणि तो अहवाल आमच्या विभागाच्या कपाटात आजही आहे. पण त्या वेळी माझ्यानं पुढचा प्रश्न वाचवेना. मी म्हटलं, अक्का, खरं सांग गं.

"खरं सांगितलं व्हतं की मागं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती, जागी होती. शेवटचा प्रश्न मोकळा होता, आणखी काही सांगायचं आहे का. मी तो वाचला.

"सगळं चांगलं हाय, लिव्ह. लय चांगलं हाय."

मी लिहिलं. मग अक्कानं संमतीचा फॉर्म माझ्या हातातून ओढून घेतला आणि न वाचता सही केली.