लाल चौकट

भाईंदरला आमच्या स्टीलच्या भांड्यांच्या कंपनीत एक कॉम्प्युटरवाला मुलगा आठवडाभर येत होता. नाव मी विचारलं नाही. कुठला कॉम्प्युटर काय काम करतो याचा म्हणे नकाशा करायचा होता. लॅपटॉपवर चौकटी काढायचा आणि बाणांनी जोडायचा. बाण ओढताना त्याची जीभ बाहेर यायची, पाटीवर गिरवणाऱ्या पोरासारखी. एवढं शिकून चौकटीच काढायच्या, तर मी चौथीत शाळा सोडली ते बरंच केलं.

शेवटच्या दिवशी बाकी सगळ्या चौकटी हिरव्या झाल्या, पगाराच्या मशीनची तेवढी लालच राहिली.

"काका, हिला मालक पाहिजे. नाव टाकल्याशिवाय नकाशा पास होत नाही, न् माझी सुटका पण नाही."

मॅनेजर म्हणाला, "मेरा नहीं, अकाउंटवालों का है." अकाउंटच्या मॅडम म्हणाल्या, "माझं कशाला? मॅनेजरला विचारा." पगार घ्यायला मात्र सगळे पुढे.

"एवढे का पळतात रे?" मी विचारलं.

"बिघडलं की मालकालाच धरतात ना, काका."

"मग माझं नाव टाक."

"तुम्ही तर शिपाई!"

"त्या मशीनवर रोज फडकं कोण मारतो? तुझा मॅनेजर?"

तो हसला, पण नाव टाकलं. चौकट हिरवी झाली आणि तो बॅग उचलून पळाला.

माझं नाव अजून कोणी काढलेलं नाही. काढायचं तर स्वतःचं घालावं लागेल. गेल्या महिन्यात ते मशीन बंद पडलं. मॅनेजर कागद घेऊन माझ्या स्टुलापाशी आला. "काका, नया लेना है. ओनर का साइन चाहिए."

मी त्याला उभा ठेवला, चहा संपवला, मग सही केली.