सगुणेचा दांडा

पहाटेची झोप मोठी लबाड. उठायला निघालेल्या बाईला ती पुन्हा आडवी करते. द्रुपदाबाईलाही तिनं तसंच धरून ठेवलंय.

कुरडयांचा चीक पातेल्यात तयार आहे. आज शिजवला नाही तर आंबून वाया जाणार. आणि हे एकटीचं काम नव्हे: एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं दांड्यानं हाटायचा, नाहीतर नुसत्या गुठळ्या. दरसाल शेजारची सगुणा न बोलावता यायची. ती यंदाच्या थंडीत वारली. कधी बोलवावंच लागलं नाही, त्यामुळे द्रुपदाबाईला बोलवायची सवयच नाही. काल दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन ती परत फिरली. आता तिचे डोळे मिटत चाललेत.

चुलीपाशी सगुणा बसलेली आहे. पदर खोचलेला, हातात तिचा नेहमीचा बाभळीचा दांडा.

"आलीस गं बाई!" द्रुपदाबाईचा जीव भांड्यात पडतो. "धर, मी ओतते."

सगुणा जरासं हाटते आणि थांबते. "मला आता जमायचं न्हाई, द्रुपदे. दुसऱ्या कुणाला बोलव."

"माझी जीभ वळत न्हाई. तू असताना कुणाची गरज पडली?"

"तिथंच चुकलं आपलं."

चूल आता नदीच्या वाळूत आहे. पातेलं विहिरीएवढं झालंय, चीक घट्ट होत चाललाय आणि सगुणा पलीकडच्या काठावर उभी आहे.

"हाक मार की! मला न्हाई, माझ्या सुनेला. तीबी एकटीच बसलीया."

द्रुपदाबाई तोंड उघडते, पण आवाज फुटत नाही. रडू येतं. इतकं एकटं तिला सगुणा गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. मग ती जिवाच्या आकांतानं ओरडते, "वैजंताऽऽ!"

पलीकडचा काठ रिकामा आहे.

तिला जाग येते. घसा दुखतोय. चूल थंड, पातेलं झाकलेलं. दाराची कडी वाजते.

बाहेर वैजंता उभी आहे, केस विस्कटलेले, हातात सासूचा दांडा. "मावशी, केवढ्यानं हाक मारली! कालपासनं वाट बघतीया मी. आत्याबाई न बोलवता यायच्या, मला तेवढं धाडस हुईना."

द्रुपदाबाई दांडा हातात घेते. टोकाला पांढरा चीक आहे, अजून ओला.

"धुतला न्हाईस व्हय गं?"

"आत्ताच खुंटीवरनं काढला, मावशी. कोरडा ठणठणीत होता."

द्रुपदाबाई टोक पुसायला पदर उचलते, आणि तसाच खाली सोडते. दांडा वैजंताच्या हातात परत देते.

"धर," ती म्हणते. "मी ओतते."