घरपोच पोळ्यांचं बटण

माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात तो प्रॉडक्ट मॅनेजर आहे. काय बनवायचं ते ठरवणं हे त्याचं काम, पण मीटिंगमध्ये तो उलटंच विचारतो, "काय नाही बनवायचं, ते बोला ना." बोलताना पेनाचं टोपण काढतो, लावतो, लिहीत मात्र काहीच नाही.

डोंबिवलीतल्या पोळी-भाजी केंद्रांसाठी आम्ही ॲप केलं. घरपोच पोळ्यांचं बटण बॉसचं लाडकं होतं. ॲप सुरू करायच्या आदल्या दिवशी यानं नेमकं तेच काढायला लावलं.

बॉस भडकला. "अरे, मग लोक ॲप घेतील कशाला?"

"कामावरून येणारी माणसं केंद्रावर दोन मिनिटं निवांत उभी राहतात, सर. ती दोन मिनिटं आपण नको काढून घ्यायला."

"ही काय स्ट्रॅटेजी झाली?"

"हीच तर आहे," तो म्हणाला आणि त्यानं टोपण लावलं. बटण गेलं ते गेलंच.

हा शहाणा की येडा, मला ठरवता येईना. काल घरी जाताना मी त्यातल्याच एका केंद्रावर थांबलो. ॲपवरून आधी ऑर्डर देऊन पार्सल नुसतं उचलता आलं असतं. ॲप मीच लिहिलंय. तरी रांगेत का उभा राहिलो, कळेना. पुढे तोच होता. वळून म्हणाला, "काय रे, तू पण?"

मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.