मेळघाटाची चक्कर आणि रोडगे

चिखलदऱ्याहून निघायचं, मेळघाटातले अवघड चढ चढून दोन दिवसांनी पुन्हा चिखलदऱ्यालाच यायचं, असं आम्ही अकोल्यातल्या चार मित्रांनी ठरवलं. मी सतरंजीवर नकाशा पसरून चढ कुठे, पाणी कुठे ते समजावत होतो आणि तिघं एकच विचारत होते, ‘‘रोडगे कुठं लावाचे?’’

वऱ्हाडात चार माणसं हौसेनं गावाबाहेर पडली की गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजतात आणि वांग्याची भाजी करतात. त्यातून सुटका नाही. गोवऱ्या पाठीवर कोण नेणार, यावर तासभर वाद झाला. शेवटी मी चिडून वन कार्यालयात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकवला.

‘‘जंगलात आगपेटी बी नेता येत नाही, भाऊ,’’ पलीकडचा वनरक्षक म्हणाला.

जिंकलो, असं मला वाटलं. तेवढ्यात एक मित्र शांतपणे म्हणाला, ‘‘मंग जंगल कॅन्सल करा लागते.’’

कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. बेत बार्शीटाकळीजवळच्या त्याच्या वावरात हलला. ट्रेकचे बूट घालून आलेला मी एकटाच. रागारागानं मी त्या सपाट वावराला धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, फेऱ्या मारू लागलो.

‘‘काहून फिरून राहिला बे?’’ मित्र ओरडला.

‘‘चक्कर पुरी करून राहिलो!’’

पाचव्या फेरीला पाहिलं, तर आर विझत आला होता आणि वारा घालायला कोणाकडे काही नव्हतं. मी पाठपिशवीतून नकाशा काढला, नीट घडी घातली आणि वारा घालायला बसलो.