तिसऱ्या भागातली हडळ

हे मी आजवर कोनाले सांगतलं नाई. बायकोले नाई, पोराईले नाई. तुमाले सांगून राह्यलो — कारन आता पोटात ठेवायची ताकद उरली नाई. अन् खरं म्हनाल तर ठेवायचा कंटाळा आला बाप्पा!

तवा सिनेमा बोलत नव्हता. चित्रं हालत, मधात पांढऱ्या अक्षराच्या पाट्या येत. वाशिमच्या बाजारातल्या तंबूत पाट्या वाचनारे किती? बोटावर मोजावे इतके. म्हनून मालकानं मले ठेवलं होतं. पडद्याजवळ काठी घेऊन उभं राहाचं अन् गोष्ट आपल्या बोलीत सांगाची. सारे मले मास्तर म्हनत. आवाज मोठा, फुशारकी त्याच्याहून मोठी!

लोकाईचा जीव विहिरीतल्या हडळीच्या सिनेमावर. त्याचे दोन भाग येऊन गेलते. दोन्हीत तेच — हडळ निंगते, कोनाले तरी ओढते, शेवटी मांत्रिक खिळा ठोकते. हडळ निंगाली की मी बोंबलाचो, "आली रे आली!" अन् अर्धा तंबू डोळे झाकून बसे. लय मजा यायची.

तिसरा भाग आला तवा जऊळक्याहून, किन्हीराजाहून बैलगाड्या आल्या. बायकाईच्या बाजूले सखू बसली होती — आमच्या शेजारची लेक, किन्हीराजाले देल्लेली, मले दादा म्हननारी. दोन रांगा सोडून तिची सासू.

सखूचं सांगतो. धुनं धुता धुता पुरात वाहून गेलती. सासरच्याईनं वाट पाह्यली, मंग गवताचा पुतळा करून जाळला, तेरवी केली. अन् तेरवीच्या चवथ्या दिवशी ही दारात उभी! खालच्या गावात एका भोयाच्या घरी तापानं पडून होती बिचारी. पन जिची तेरवी झाली तिले घरात कसं घ्यावं? दार लावलं. तीन वर्षाची पोरगी आत, माय बाहीर. तरी सासरा नरमला होता. सिनेमाच्या दोन दिवसानं पंच बसनार होते. घेतील तिले, असंच सारे म्हनत होते.

अन् सिनेमा सुरू झाला. हडळच नाई हो त्याच्यात! विहिरीतून निंगते ती जित्ती बाई. दिरानं ढकललेली, मुळी धरून वाचलेली. लेकरासाठी घरी येते, तं गाव तिले हडळ समजून गोटे मारते. मांत्रिकच लबाड निंगते. मी पाटी वाचली अन् गप झालो. मागून ओरडले, "हडळ कुठी हाय बे मास्तर?" कोनी शिट्टी मारली. मी घाबरलो. कायले? एका शिट्टीले! काठी आपटली अन् बोंबललो, "हीच ती! बाईचं रूप घेऊन आली! दार उघडू नका!"

तंबू खुश. पुढं सारा सिनेमा तसाच वाकडा सांगतला. पडद्यावर बाई रडे, मी म्हनो, "पाहा, सोंग करून राह्यली!" सखू तिथंच बसली हाय, हे मले दिसत नव्हतं काय? दिसत होतं.

पंच बसले. सासू म्हने, "मास्तरनं सांगतलं नाई का, रूप घेऊन येतात म्हून?" सासऱ्यानं मान खाली घातली. दार लागलं ते लागलंच.

पन एवढंच असतं तं — नाई, पुढचं सांगतो. सखू माझ्या घरी आली. म्हने, "दादा, तुमी शिकलेले. त्या बाईच्या पाटीवर तसंच लिहेलं होतं का?" आता तिथं तंबू नव्हता, शिट्टी मारनारं कोनी नव्हतं. किन्हीराजाले तिच्या सासरी जाऊन एकदा म्हनाचं होतं, मी खोटं बोललो. पन मंग माझी मास्तरकी कुठी राह्यली असती? मी म्हनलो, "हो बाई, तसंच."

"बरं," म्हनून ती गेली. माहेरीच राह्यली, लोकाईच्या वावरात कापूस वेचत. पोरगी मोठी झाली, कामरगावले दिली. लग्नात सखू मांडवाच्या बाहीर उभी होती. मी आत पंगतीत जेवलो.

हुश्श. बोललो एकदाचा. हलकं वाटून राह्यलं — वाटोळं तिचं झालं, अन् हलकं मले वाटून राह्यलं. ती पाटी मले अजून पाठ हाय. तवा लोकाईले वाचून दाखवली नाई, आज वाचतो:

"मी मेले नाही. माझं लेकरू मला द्या."

एवढंच लिहेलं होतं.